गुडघ्याची गोळी : माशेलातल्या एका काविळीचे प्रकरण

रुग्ण ६१ वर्षांच्या, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. ओळख पटू नये म्हणून काही बारकावे बदलले आहेत. तपासणीचे आकडे तसेच ठेवले आहेत. त्यांना इथे नुसते 'बाई' म्हणतो, कारण समोरासमोरही मी त्यांना तेच म्हणतो. तिसरीत त्यांनी माझ्याकडून पाढे घोटून घेतले. दवाखान्यात माणसे असली की मी 'डॉक्टर', नसली की 'अरे'.

आषाढात गोव्यातल्या आमच्या माशेलात देवकीकृष्णाच्या मैदानावर चिखलकालो, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव, झाला, त्याच्या तिसऱ्या दिवशी बाई आल्या. चार दिवसांपासून जेवण नको, अंगाला कंड, लघवी कोऱ्या चहासारखी. डोळे पिवळे दिसत होते. ताप नव्हता, पण अंग मोडून आल्यासारखे वाटत होते. नातवंडे चिखलात लोळली होती आणि त्यांना ओढून आणायला बाई अनवाणी मैदानात उतरल्या होत्या. टाचेला भेग. पाऊस, चिखल, भेग आणि पिवळे डोळे एकत्र आले की गोव्यातल्या डॉक्टरच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, पावसाळी पाण्या-चिखलातून होणारा जंतूंचा आजार. मी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू केले आणि रक्त पाठवले.

तक्रार चार दिवसांची आणि चिखल तीन दिवसांपूर्वीचा. शिवाय लेप्टोचे जंतू अंगात शिरल्यावर आजार दिसायला साधारण पाच ते चौदा दिवस जातात. वजाबाकी मी बाईंच्याच वर्गात शिकलो होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिपोर्ट आला. डोळे पिवळे करणारे बिलिरुबिन ६.८. यकृताच्या पेशी फुटल्या की रक्तात येणारे एन्झाइम, एसजीपीटी, १,२४०, म्हणजे कमाल ४० या मर्यादेच्या ३१ पट. पित्ताची वाट अडली की चढणारे अल्कलाइन फॉस्फटेज १६८, मर्यादा १२०. मूत्रपिंडाचे क्रिएटिनिन आणि रक्तातल्या प्लेटलेट ठीक. लेप्टोत बिलिरुबिन भरपूर चढते, पण एसजीपीटी सहसा शे-दोनशेच्या आसपास रेंगाळतो, आणि मूत्रपिंड व प्लेटलेट यांना झळ बसते. इथे चित्र उलटे होते. यकृताच्या पेशीच फुटत होत्या. एसजीपीटीची पट भागिले फॉस्फटेजची पट असा एक साधा भागाकार आम्ही करतो. उत्तर पाचच्या वर गेले तर इजा पेशींना, दोनच्या खाली राहिले तर पित्ताच्या वाटेला. बाईंचे उत्तर २२ आले. मग संशय हिपॅटायटिस ए आणि ई यांच्यावर गेला. पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढूळ झाले की हे दोघे येतातच. बी आणि सी यांच्याही चाचण्या पाठवल्या.

औषधांची चौकशी मी केली होती. रक्तदाबाची अॅम्लोडिपिन आणि कोलेस्टेरॉलची अॅटोर्वास्टॅटिन, दोन्ही सहा वर्षांपासून. "आणखी काही? आयुर्वेदिक, झाडपाला, कोणी दिलेले वखद?" बाई म्हणाल्या, "नाही रे, मी कशाला घेते असले काही." त्या खरेच बोलत होत्या. ते पुढे येईल.

सहा दिवसांनी सगळे विषाणू निगेटिव्ह, लेप्टो निगेटिव्ह, आणि बिलिरुबिन ११.२. रक्त गोठण्याचा आयएनआर १.५, म्हणजे रक्त गोठणेही मंदावले होते. हे कागद फोनवर सांगण्यासारखे नव्हते, म्हणून दवाखाना बंद करून घरी गेलो. सुनेने चहा ठेवता ठेवता सांगितले, "डॉक्टर, आम्ही तर पहिल्या दिवसापासून हळद पूर्ण बंद केली आहे. हुमणात नाही, डाळीत नाही. तरी कामीण उतरत का नाही?" हुमण म्हणजे माशाचे कालवण, कामीण म्हणजे कावीळ.

काविळीत पिवळे खायचे नाही, हा आमच्याकडचा जुना नेम. त्याला शास्त्राचा आधार नाही, पण अपायही नाही, म्हणून मी त्यावर कधी वाद घालत नाही. मान हलवली आणि टेबलावरची गोळ्यांची डबी उचलली. आठवड्याचे सात खण असलेली पांढरी प्लास्टिकची डबी. अॅम्लोडिपिन पांढरी, अॅटोर्वास्टॅटिन पांढरी. आणि प्रत्येक खणाच्या तळाला एक पिवळाजर्द डाग.

"बाई, हे काय?"

"ती गुडघ्याची गोळी. पुण्याहून भाच्याने पाठवली आहे. औषध नाही रे, हळदच आहे ती."

घरात हळद बंद होती आणि बाई दिवसाला तीन कॅप्सूल हळदीचा अर्क घेत होत्या. कावीळ झाल्यावरही सहा दिवस, माझ्या देखरेखीखाली. मी औषधे विचारली तेव्हा ती हळद होती, म्हणून सांगितली नाही. सुनेने हळद बंद केली तेव्हा ती गुडघ्याची गोळी होती, म्हणून थांबली नाही. दोन्ही चाळण्यांतून ती सारखीच सुटली. मी तरी काय विचारले होते? 'झाडपाला.' चकचकीत बाटलीतल्या, बारकोड असलेल्या कॅप्सूलला झाडपाला कोण म्हणेल?

बाटली मागवली. एका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क, त्यात ९५ टक्के कर्क्युमिनॉइड, म्हणजे हळदीतली पिवळी द्रव्ये, सोबत ५ मिलिग्रॅम पिपरीन. बाटली चौथी होती. मानकुराद आंबे सुरू झाले तेव्हा, एप्रिलच्या शेवटी, पहिली उघडली होती. म्हणजे लक्षणे दिसेपर्यंत साधारण दहा आठवडे. लेबलवर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक आणि बारीक अक्षरात 'औषधी वापरासाठी नाही'. बाटलीसोबत आलेल्या रंगीत पत्रकावर मात्र गुडघा, मधुमेह, कर्करोग, स्मृतिभ्रंश, सगळेच.

त्याच रात्री कॅप्सूल बंद केली, अॅटोर्वास्टॅटिनही थांबवले आणि बाईंना मोठ्या इस्पितळात पाठवले. औषधाने यकृताच्या पेशींना इजा होऊन कावीळही झाली, तर सुमारे दहातला एक रुग्ण दगावतो किंवा त्याला यकृत बदलावे लागते. हायमन झिमरमन या यकृततज्ज्ञाने मांडलेला हा ठोकताळा आजही तसाच वापरला जातो. त्या घरात मी तो उच्चारला नाही.

पुढचे थोडक्यात. आठ दिवस इस्पितळात. सोनोग्राफीत खडे नाहीत, पित्तनलिका फुगलेली नाही. शरीर स्वतःवरच उलटले आहे का हे पाहणाऱ्या दोन चाचण्यांपैकी एएनए किंचित पॉझिटिव्ह, आयजीजी सामान्य. म्हणून स्वप्रतिकाराच्या हिपॅटायटिसची चर्चा झाली, स्टिरॉइड सुरू करावे का यावरही झाली, आणि तिथल्या डॉक्टरांनी दोन दिवस वाट पाहायचे ठरवले. तो निर्णय बरोबर ठरला. बिलिरुबिन १४.६ पर्यंत चढले, आयएनआर १.६ वर थांबला, शुद्ध एकदाही हरपली नाही. कॅप्सूल थांबवल्यापासून दहाव्या दिवशी एसजीपीटी निम्म्याखाली आला आणि दहा आठवड्यांनी सगळे आकडे सामान्य झाले. गणेशचवथीला बाई घरी होत्या, पण माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची आरास, बांधताना नुसत्या खुर्चीत बसून सूचना देत होत्या.

हळद आणि कर्क्युमिन

आता मूळ प्रश्नाकडे. जी हळद आपण बाळाच्या बारशापासून नवरीच्या अंगापर्यंत वापरतो, ती यकृत कशी बिघडवेल? बाईंच्या यजमानांनी मला हेच विचारले, जरा चिडूनच.

हळदीचा पिवळेपणा ज्यामुळे आहे ते कर्क्युमिन. १८१५ मध्ये फोगेल आणि पेलतिए यांनी ते वेगळे काढले आणि १९१० मध्ये त्याची रचना कळली. पण त्याचा स्वभाव कोणत्याही घरच्या बाईला रसायनशास्त्र न शिकता माहीत असतो. साडीवर हळद सांडली तर नुसत्या पाण्याने जात नाही, कारण कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. साबण लावला की डाग लाल होतो, कारण क्षारात त्याचा रंग बदलतो. हळदीत चुना मिसळून कुंकू करायचे ते याच गुणावर. आणि डाग उन्हात ठेवला की उडतो, कारण प्रकाशात कर्क्युमिन टिकत नाही.

यांतले पहिले दोन गुण पोटात गेल्यावर त्याच्या आड येतात. विरघळत नाही, म्हणून आतड्यातून फारसे शिरत नाही. आतड्यातल्या आणि रक्तातल्या किंचित क्षारीय वातावरणात झपाट्याने मोडते. प्रयोगशाळेत तशा द्रावणात अर्ध्या तासात बहुतेक संपलेले असते. जे थोडे शिरते, त्याला आतडे आणि यकृत लगेच ग्लुक्युरॉनाइडचे शेपूट जोडून बाहेरची वाट दाखवतात. काचेच्या बशीत कर्करोगाच्या पेशींवर जे कर्क्युमिन इतके प्रभावी दिसते, ते माणसात एवढे निराश का करते, याचे बरेचसे उत्तर इथे आहे. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात अमेरिकी संशोधकांनी याचा रोखठोक आढावा घेतला. कर्क्युमिन स्वतः चमकते, प्रथिनांना चिकटते, मोडते, आणि त्यामुळे चाचण्यांना चकवते, असे त्यांचे म्हणणे. शंभरावर वैद्यकीय चाचण्या होऊनही दुहेरी अंध, प्लासिबो-नियंत्रित कसोटीवर, म्हणजे खरी गोळी कोणाला आणि पोकळ गोळी (प्लासिबो) कोणाला हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही माहीत नसते अशा चाचणीत, ठाम यश त्यांना एकातही दिसले नव्हते.

स्वयंपाकघरातली हळद निरुपद्रवी का, याचे उत्तरही बऱ्याच अंशी हेच. ती शरीरात टिकतच नाही.

मग पिपरीन आले. मिऱ्याचा तिखटपणा ज्यामुळे, ते हे द्रव्य. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी निरोगी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन दिले तर ते रक्तात जेमतेम सापडले. सोबत २० मिलिग्रॅम पिपरीन दिल्यावर त्याची उपलब्धता २,००० टक्क्यांनी वाढली. हा आकडा आज जवळपास प्रत्येक बाटलीवर मिरवतो. तो खोटा नाही. पण तो कशामुळे वाढतो, हे बाटलीवर नसते. पिपरीन ते शेपूट जोडणारे एन्झाइम रोखते, म्हणजे यकृताच्या दारावरचा पहारेकरी बाजूला करते. त्या दारातून फक्त कर्क्युमिन जात नाही. फेनिटॉइन, प्रोप्रानोलॉल, थिओफायलिन या औषधांची रक्तातली पातळीही पिपरीनने वाढते. भारतात याचा शहाणपणाने उपयोग झालेला आहे: जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेच्या संशोधनातून २००९ मध्ये क्षयरोगाची एक गोळी आली, तिच्यात १० मिलिग्रॅम पिपरीन घालून रिफॅम्पिसिनची मात्रा ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणली होती. पण तिथे पहारेकरी हलवताना कोण आत येणार हे मोजलेले होते.

बाईंच्या यजमानांसमोर मी पाटीच घेतली. हळदपुडीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के. त्यांच्या पाच माणसांच्या घरात दिवसाला तीन चमचे हळद लागते असे धरले तरी माणशी दोनेक ग्रॅम, म्हणजे ६० मिलिग्रॅम कर्क्युमिन. आयुर्वेदिक औषधकोशातली हरिद्राचूर्णाची मात्राही १ ते ३ ग्रॅमच आहे. जुन्या वैद्यांनी मूठभर हळद फाकायला कधी सांगितली नव्हती. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त समितीने ठरवलेली रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम. बाईंचे वजन ५८ किलो, मर्यादा १७४. आणि तीन कॅप्सूलमधून जात होते १,४२५. म्हणजे मर्यादेच्या आठपट, किंवा रोज जवळजवळ ५० ग्रॅम हळदपूड, तीही दार उघडे ठेवून. यजमान आकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पन्नास ग्रॅम? आमचे पाकीट दोन महिने पुरते... म्हणजे..." पुढचा हिशेब बाईंनी पलंगावरून पुरा केला. तिथेही त्यांनी आम्हा दोघांना चुकीचे ठरवले. दिवसाला तीन चमचे त्यांच्या घरात कधीच लागत नाहीत, म्हणे.

मात्र नुसत्या मात्रेने सगळे उलगडत नाही. हजारो लोक ही कॅप्सूल घेतात आणि त्यांना काही होत नाही. अमेरिकेत औषधजन्य यकृत-इजेचा मागोवा घेणारे एक जाळे आहे. त्यांनी हळदीमुळे झालेल्या इजेची दहा प्रकरणे मांडली. दहातल्या आठ स्त्रिया, पाचजण इस्पितळात दाखल, एक मृत्यू. त्या दहातल्या सातजणांत एचएलए-बी ३५:०१ ही एकच जनुकीय खूण सापडली. म्हणजे हा विषाचा सरळ हिशेब कमी आणि काही शरीरांनी घेतलेला आकस जास्त. ग्रीन टीचा अर्क आणि वजन घटवणाऱ्या गार्सिनियाच्या गोळ्या, ज्या आपल्या भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, भाऊबंदांपासून बनतात, त्यांच्या इजेतही हीच खूण पुन्हा पुन्हा भेटते. इटलीने अशी अनेक प्रकरणे पाहून हळदीच्या पूरक गोळ्यांवर इशारा छापणे सक्तीचे केले. बाईंची जनुकीय चाचणी आम्ही केली नाही.

कॅप्सूलवरच ठपका का?

पहिला संशयित खरे तर मीच दिलेला होता. गुडघ्यासाठी बाई डायक्लोफिनॅक घेत होत्या आणि ती यकृताला त्रास देण्यात नावाजलेली आहे. पण आम्लपित्तामुळे ती फेब्रुवारीत बंद केली होती आणि मार्चच्या वार्षिक तपासणीत एसजीपीटी २४ होता. त्या एका जुन्या कागदाने ती सुटली. अॅटोर्वास्टॅटिन सहा वर्षे मुकाट होती, आणि पुढे ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू केल्यावरही मुकाट राहिली. पिपरीनमुळे तिची पातळी वाढून इजा झाली असेल का, हा प्रश्न मी मनात ठेवला आहे. त्या आठवड्यांत दोन्ही एकत्र होती, हे खरे.

औषधजन्य इजेचे गुण मोजायची एक पद्धत आहे. काळाचा मेळ, बंद केल्यावरचा उतार, वय, इतर कारणे वगळणे, पूर्वीच्या नोंदी. बाईंचे ७ गुण झाले, म्हणजे 'दाट शक्यता'. 'निश्चित' म्हणायला कॅप्सूल पुन्हा देऊन पाहावी लागली असती, आणि ते कोणी करणार नाही. हिपॅटायटिस ई चा आरएनए तपासला नव्हता. कॅप्सूलमध्ये लेबलवर नसलेले काही होते का, तेही तपासून घेता आले नाही. तेवढ्या फटी या प्रकरणात आहेत.

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगातून चालतो. १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर रुग्णही कळवू शकतो. मी फॉर्म भरला. 'संशयित औषध' या रकान्यात बाटलीवरचे नाव लिहिताना हात थबकला, कारण त्याच बाटलीवर 'औषधी वापरासाठी नाही' असे छापलेले होते. कायद्याने ती अन्न. अन्न म्हणून ती औषधासारखी तपासली जात नाही, आणि विकली मात्र जाते गुडघ्यासाठी. बाईंच्या घरात जो घोळ झाला, तोच दिल्लीच्या कागदांतही आहे.

एक गोष्ट मला टोचली. त्या रंगीत पत्रकात हळदीच्या पेटंटची हकिकत होती. माशेलात ती सांगितली की माणूस विरघळतोच, कारण ती लढाई लढणारे शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर इथलेच. १९९५ मध्ये अमेरिकेने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवरच्या हळदीचे पेटंट दिले, माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने संस्कृत आणि उर्दू दाखले काढून ते लढवले आणि १९९७ मध्ये रद्द करून घेतले. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. पण त्या लढाईत सिद्ध काय झाले? की जखमेवर हळद वापरण्यात नवे काही नाही, आपल्या आज्या ते करतच होत्या. ९५ टक्के अर्क आणि पिपरीन कोणत्याही आजीच्या फडताळात नव्हते. जुन्या ज्ञानाचा दाखला दाखवून नवीन वस्तू विकणे ही लबाडी आहे, आणि ती आपल्याच गावाच्या नावावर खपते.

दवाखान्यात मी आता 'कोणती औषधे घेता' एवढ्यावर थांबत नाही. 'घरात ज्या ज्या बाटल्या, डब्या, पुड्या आहेत त्या पिशवीत घालून आणा' म्हणतो. पहिल्याच महिन्यात जांभूळबीचूर्ण, अश्वगंधा, तीन प्रकारचे ग्रीन टी आणि एका गृहस्थांच्या पिशवीतून म्हशीच्या कॅल्शियमची बाटली निघाली. ती त्यांनी चुकून आणली होती, असे ते म्हणाले.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी सुनेचा फोन आला. बाई अजून फिक्या पिवळ्या होत्या, बिलिरुबिन ५ च्या आत आले होते. परसातल्या हळदीला पाने फुटली आहेत, त्या पानांत वाफवायच्या गोड पातोळ्या करायच्या की या वर्षी नकोत? कर्क्युमिन कंदात असते. पानाचा वास त्यातल्या सुगंधी तेलाचा. शिवाय पान सोलून टाकायचे असते. मी म्हटले करा, आतले नारळाचे चून (सारण) मात्र बाईंना थोडेच द्या, अजून जड पडेल. संध्याकाळी चार पातोळ्या दवाखान्यात आल्या, पानासकट.

गुडघ्याचे सांगायचे राहिले. कॅप्सूलने तो खरोखर बरा वाटत होता, हे बाई पहिल्यापासून सांगत आल्या आहेत आणि मला ते खोडता येत नाही. थायलंडमध्ये ३६७ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत चार आठवडे हळदीचा अर्क आयब्युप्रोफेनच्या तोडीचा ठरला होता; नुसता प्लासिबो घेणारा गट त्यात नव्हता, एवढी पुस्ती जोडून मी त्यांना तेही सांगितले. सध्या मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वरून लावायचे जेल आणि उजव्या हातात काठी, असे चालू आहे. काठी त्या मैदानापर्यंत नेतात आणि तिथून काखेत मारून चालतात. परवा रक्तदाब मोजताना दवाखान्यात दुसरे कोणी नव्हते. म्हणाल्या, "अरे, तुझ्या व्यायामापेक्षा ती गोळी बरी होती."